ती 'जग' म्हणत होती

ती "जग, जग" म्हणत होती आणि दिगंबर तिच्या तोंडाला पाण्याचा जग लावत होता.

तिचे ओठ सुजले होते. पापण्या इतक्या फुगल्या होत्या की डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. पित्त उठतं तसे लाल चट्टे मानेवर आणि हातांवर उठले होते. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. पाणी तोंडात गेलं की तसंच हनुवटीवरून खाली येत होतं. ती हाताने जग ढकलायची आणि पुन्हा म्हणायची, "जग! मा जग!"

"घ्या मॅडम, घ्या, जगच हाय हा," दिगंबर म्हणत होता.

मी तिच्या पाठीत बुक्क्या घालत होते. मला वाटलं घास अडकला. सवय नसलेल्या माणसाच्या घशात ज्वारीची भाकरी बसते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

"आरं दिगंबर, नको म्हणायली ती. ढकलायली बघ."

"न्हाई मावशी, जगच मागायली. तुमीच ऐका की."

मी ऐकलं. खरंच जग मागत होती. दिगंबरने पुन्हा पाणी ओतलं. या वेळी तिला जोरात ठसका लागला, आणि ती खुर्चीवरून घसरून फरशीवर आली.

हे सगळं आमच्या गेस्टहाऊसच्या जेवणाच्या खोलीत झालं. परभणीहून झरीला जाताना रस्त्याला लागून ज्वारीवर काम करणारी एक संस्था आहे. तिथे बाहेरगावचे शास्त्रज्ञ, अधिकारी येऊन राहतात. त्यांचा स्वयंपाक मी करते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मथुरा माझं नाव, सगळे मावशी म्हणतात. दिगंबर तिथला केअरटेकर. खोल्या उघडून देणं, चादरी बदलणं, पाहुण्याला काय हवं ते विचारून मला सांगणं, हे त्याचं काम.

ती बाई म्हणजे फियोना. स्कॉटलंडची. इंग्लंडच्या वरच्या अंगाला तो मुलूख आहे, असं मला मागाहून कळलं. वय तिशीच्या आतलं. तिच्याबरोबर मूसा नावाचा शास्त्रज्ञ होता, आफ्रिकेतल्या नायजेरियाचा. दोघं हैदराबादेत ज्वारीचं काम करत होते आणि आमच्याकडचं पीक बघायला आले होते. दुपारी जीपमधून उतरले. मूसा हैदराबादेत राहून तिथली हिंदी शिकला होता. उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "अम्मा, तीखा कम डालो, हां? पिछली बार पेट का बहुत लफडा हुआ." मला माणूस बरा वाटला. फियोनाला मात्र हिंदीचे दोन-चारच शब्द येत होते. नमस्ते, पानी, शुक्रिया, एवढेच.

आमच्याकडे पाहुणा आला की दिगंबर तीन गोष्टी विचारतो. व्हेज की नॉनव्हेज, तिखट चालतं का, आणि ड्रिंक. ड्रिंकचं विचारायचं कारण आहे. मागे काही मोठ्या साहेबांनी ऐन वेळी बाटली मागितली आणि मिळाली नाही म्हणून आरडाओरडा केला. गेस्टहाऊसमध्ये दारू चालत नाही. त्यामुळे ते आधीच विचारून, सांगून मोकळं व्हायचं, असं दिगंबरने ठरवून टाकलं होतं.

मूसा खोलीत सामान ठेवत होता तेव्हा दिगंबरने फियोनाला व्हरांड्यातच विचारलं, "व्हेज, नॉनव्हेज?" ती व्हेज म्हणाली. "स्पायसी?" तिने बोटांनी थोडंसं असं दाखवलं. तो तिसरा प्रश्न विचारणार, तेवढ्यात तीच हात हलवून म्हणाली, "नो पीना. प्लीज. नो पीना ॲट ऑल."

दिगंबर हसत माझ्याकडे आला. "मावशी, पाव्हणी लय चांगली हाय. आपूनहून सांगायली, पीना नही म्हणून. हिंदीत सांगायली! अजिबात पीत न्हाई."

"बरं झालं. कटकट गेली," मी म्हणाले.

आता त्या दिवशी मी काय रांधलं ते सांगते, कारण सगळं त्याच्यावर आलं. काटेरी वांगी भरून केली होती. ज्वारीच्या भाकरी, वरण, भात, ताक. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट असतं. आमच्याकडे कूट नसलेली भाजी शोधायलाच लागते. वांगं, भेंडी, दोडका, कोशिंबीर, सगळ्यांत पडतं. हाताला इतकं वळण आहे की कूट घातलं का असं कुणी विचारलं तर मीठ घातलं का विचारल्यासारखं वाटतं. शेंगा आमच्याच संस्थेच्या शेतातल्या होत्या.

संध्याकाळी दिवेलागणीला जेवण वाढलं. मूसा म्हणाला, नमाज पढून येतो, तुम्ही सुरू करा. फियोनाला भूक लागली होती. ती बसली. भाकरी हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, हसली. मग वांग्याकडे बोट दाखवून दिगंबरला विचारलं, "नो पीना?"

दिगंबर म्हणाला, "नो नो मॅडम. नो पीना."

"शुअर?"

"शुअर, शुअर. गेस्टहाऊस. नो पीना."

तिने खायला सुरुवात केली. चार घास खाल्ले असतील. मग ओठाला हात लावला. मग गळ्याला. मग ताटाकडे बघत बसली. मी पुढची भाकरी घेऊन आले तेव्हा तिच्या तोंडाचा रंग बदललेला होता. त्यानंतर ती जग मागायला लागली.

ती फरशीवर पडली तेव्हा मूसा दारात आला. टोपी अजून डोक्यावर होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि एकदा ताटाकडे. वांगं बोटाने फोडलं. आतला मसाला बोटावर घेऊन बघितला.

"ग्राउंडनट?" तो ओरडला. "इज दिस ग्राउंडनट?"

दिगंबरला हा शब्द पक्का माहीत होता. संस्थेत सगळ्यांना माहीत आहे. शेतातल्या पाटीवर तोच लिहिलेला असतो. तो घाईघाईने म्हणाला, "येस सर! ग्राउंडनट! अवर ओन ग्राउंडनट, सर. फ्रेश!"

मूसाने कपाळावर हात मारला नाही की शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "इंजेक्शन. उसका बॅग. चाबी लाओ, जल्दी." आणि पळत सुटला. दिगंबर चाव्यांचा जुडगा घेऊन त्याच्या मागे.

खोलीत ती आणि मी. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती आता जग म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. शिट्टीचा आवाज बारीक होत चालला होता. मला आधी वाटलं, आवाज कमी झाला म्हणजे बरं वाटायला लागलं. मग तिच्या नखांकडे बघितलं. निळी पडली होती. आवाज कमी होत होता कारण हवाच आत जात नव्हती. तिने माझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता. पकड सैल होत गेली.

मूसा आला. हातात पिवळ्या रंगाचं एक जाड पेन होतं. लिहायचं नव्हे. त्याच्यात औषध भरलेलं असतं, आणि टोक मांडीवर जोरात दाबलं की सुई आपोआप बाहेर येते. तो मला म्हणाला, "अम्मा, पाँव पकडो." मी तिचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला. त्याने टोपण काढलं आणि पँटवरूनच मांडीत ते टोक मारलं. तसंच धरून ठेवलं. मनात आकडे मोजत होता, ओठ हलताना दिसत होते.

थोड्या वेळाने शिट्टी परत आली. शिट्टी ऐकून बरं वाटावं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

ड्रायव्हर रफिकभाईने जीप दाराशी लावली होती. "लिटाओ, लिटाओ, बिठाओ मत," मूसा सांगत होता. मागच्या सीटवर तिला आडवी घातली. तिचं डोकं माझ्याकडे, पाय मूसाकडे. पाय वर धरून ठेवायचे होते, ते त्याने परभणीपर्यंत धरून ठेवले. दिगंबर पुढे बसला. रस्त्यात खड्डा आला की रफिकभाई "या अल्ला" म्हणायचा आणि दिगंबर "पांडुरंगा".

दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं?"

"भरलं वांगं."

"त्यात काय होतं?"

"कूट."

त्यांना लगेच कळलं. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. मला त्यांनी नंतर सांगितलं ते असं. काही माणसांचं शरीर शेंगदाण्याला विष समजतं. शेंगदाणा पोटात गेला की शरीर आतून लढायला उठतं, आणि त्या लढाईत माणसाचाच गळा सुजून बंद होतो. याला ॲलर्जी म्हणतात. अंगाला नुसती खाज सुटणं ही साधी ॲलर्जी. ही जीव घेणारी.

तासाभरात तिचं तोंड माणसासारखं दिसायला लागलं. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "ब्रीदिंग ओके नाऊ?"

ती मास्कमधून म्हणाली, "आय."

सिस्टर म्हणाली, "अरे देवा. आईला बोलवायली बिचारी."

मलाही तेच वाटलं. परक्या देशात पडलेली पोर, आईच आठवणार. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आय हितं न्हाई बाई. हितं मी हाय." मूसाने मान हलवली. "नक्को अम्मा. आय मतलब हां. उसके मुल्क में 'हां' को 'आय' बोलते."

मग तिथेच उभ्या उभ्या त्याने आम्हाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, मी लहानपणापासून इंग्रजी शिकलो, तरी पहिला महिनाभर हिचं मला काही कळत नव्हतं. ही इंग्रजीच बोलते, पण तिच्या गावची. शब्दाच्या शेवटचा 'ट' ती गिळते. आणि काही शब्द तिच्याच मुलखातले आहेत, लंडनच्या माणसालाही माहीत नसतात. इंजेक्शनला अमेरिकेत शॉट म्हणतात, इंग्लंडात जॅब म्हणतात. तिच्या गावात जॅग म्हणतात.

दिगंबरने त्याच्याकडे बघितलं. "क्या बोलते?"

"जॅग. मा जॅग मतलब मेरा इंजेक्शन."

दिगंबर भिंतीला टेकला. मग हळूहळू खाली बसला.

तेवढ्यात पाठक सर आले. ते आमच्या संस्थेचे प्रमुख. फोन गेला तेव्हा ते जेवत होते, तसेच उठून आले होते. आधी डॉक्टरांशी बोलले. मग आमच्याकडे वळले.

"मावशी, भाजीत दाणे घातले होते?"

"कूट घातलं होतं साहेब. रोज घालते."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मॅडमना चालत नाही म्हणून?"

"मला सांगितलं, मॅडम दारू पीत न्हाई म्हणून."

सर दिगंबरवर घसरले. "दिगंबर, पीनट म्हणजे काय माहीत नाही तुला? ॲग्रीकल्चरच्या संस्थेत काम करतोस! बाई मेली असती म्हणजे? तुला उद्या कामावर ठेवू कशाला मी?"

दिगंबर उठून उभा राहिला. "सर, पीनट माहीत हाय मला. पोराला पीनट बटर आणतो मी. पण त्या पीनट म्हणल्याच न्हाईत. पीना म्हणल्या. दोनदा म्हणल्या. आईशप्पथ सर."

"इंग्लिश माणूस पीनटला पीना कशाला म्हणेल?"

"विचारा की मग तुमीच."

सरांना ते आवडलं नाही. पण ते कॉटजवळ गेले. इंग्रजीत तिची माफी मागितली. मग विचारलं की जेवणाबद्दल तुम्ही आमच्या माणसाला नेमकं काय सांगितलं होतं. तिने मास्क थोडा वर उचलला. आवाज घोगरा झाला होता.

"आय टोल्ड हिम," ती म्हणाली. "नो पीना."

सर तसेच वाकून राहिले. "सॉरी, वन्स मोअर?"

"पीना," ती म्हणाली. तिला वाटलं, सरांना ऐकू कमी येतं. म्हणून जरा मोठ्याने म्हणाली, "पीना! नो पीना!"

सर सरळ झाले. दिगंबरकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन बाकावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. त्यांचं शिक्षण फार मोठं आहे. परदेशातल्या परिषदांत पेपर वाचून आले आहेत. त्यांनाही तो 'ट' ऐकू आला नव्हता. नव्हताच, तर ऐकू कुठून येणार?

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण सिस्टर एकदम ओरडली, "डॉक्टर, परत सुरू झालं!"

औषधाचा जोर ओसरला की असा दुसरा झटका येऊ शकतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांना होतं, म्हणून तर त्यांनी तिला सोडलं नव्हतं. आम्हाला बाहेर काढून त्यांनी पडदा ओढला. आतून शिट्टीचा आवाज येत होता, पहिल्यापेक्षा मोठा. डॉक्टर सिस्टरला भराभर औषधांची नावं सांगत होते. कुणीतरी पळत एक मशीन ढकलत आत नेलं. गळा पूर्ण बंद झाला तर नळी घालावी लागते, ती तयारी चालली होती, असं सरांनी सांगितलं. मी विचारलं, "घातली की वाचतो का माणूस?" सर म्हणाले, "घालता आली तर."

मूसा बाकाच्या टोकाला बसला होता. मांडीवर ते पिवळं पेन होतं, आता रिकामं. तो ते उलटसुलट करत होता.

दिगंबर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मावशी, ती इंजेक्शन मागायलती आन मी पाणी पाजायलतो. श्वास जायना आन मी पाणी ओतायलो."

"आन मी बुक्क्या घालायले होते. गप बस."

"ती मेली तर?"

"मेली तर मेली. आपल्या रडण्यानं जगणार हाय का? गप बस म्हणलं ना."

तो गप बसला नाही. तोंडावर रुमाल धरून रडला. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. मूसाने सरकून त्याला जागा करून दिली. "नक्को रे भाई," म्हणाला. "पहले दिन मेरे को भी उसका कुछ नहीं समझा." मग तो इंग्रजीत सरांना काहीतरी बोलला. सरांनी ते आम्हाला सांगितलं नाही, पण त्यांनी उठून दिगंबरला पाण्याची बाटली दिली.

आतली शिट्टी थांबली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे राहिलो. त्या थांबण्याचे दोन अर्थ होतात, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टर बाहेर आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. नळी घालावी लागली नाही, म्हणाले. दुसऱ्या औषधाला गळा मोकळा झाला. दोन दिवस इथेच ठेवू.

पुढे चौकशी झाली. दिगंबरची नोकरी राहिली. पाठक सरांनीच वर सांगितलं की चूक ऐकण्यातली आहे आणि ती त्यांच्याकडूनही झाली असती. सरांनी जेवणाच्या खोलीत एक मोठी इंग्रजी पाटी लावायला सांगितली, कशाकशात काय असतं त्याची. पाटी लागली. वाचणारा अजून मी पाहिलेला नाही.

मी माझी वेगळी रीत लावली. पाहुणा आला की मी स्वतः व्हरांड्यात जाते. ताटलीत शेंगदाणे, तीळ, खोबरं, काजू, बेसन, दूध, दही, जे जे माझ्या भाजीत पडू शकतं ते मांडून नेते. एकेका वस्तूला बोट लावते आणि त्याच्या तोंडाकडे बघते. काही पाहुणे हसतात. एका दिल्लीच्या साहेबांनी विचारलं, "ये क्या, पूजा है क्या?" मी म्हणाले, "हां साहेब, पूजा समझो. हात लगाके बोलो, कौनसा नक्को."

इंग्रजी बोलणारी दोन माणसं एकमेकांना कळतातच असं मी आता धरून चालत नाही. मराठी बोलणारी तरी कुठे कळतात? आमच्या परभणीकडच्या पालमची बाई आणि पुण्याची बाई एका चुलीपुढे बसवा आणि बघा. समोरच्याचं कळलं नसेल तर हसून 'शुअर' म्हणू नये. वस्तू आणावी आणि दाखवावी.

फियोना तिसऱ्या दिवशी गेस्टहाऊसवर परत आली. आठवडाभर राहिली. ज्वारीचं सगळं काम पुरं करून गेली. तेवढे दिवस मी सगळी भांडी घासून, नवा खलबत्ता वेगळा ठेवून तिच्यासाठी बिनकुटाचा स्वयंपाक केला. तो मला बेचव लागायचा. तिने ताटात काही टाकलं नाही.

ती वाचली.